कोणत्या हळदीला

औंढ्याहून हिंगोलीला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुन्हा हळद शिजायला लागली आहे. बांधावर ते मोठे लोखंडी कुकर, खाली धडधडणारा जाळ, आणि झाकण उघडलं की वाफेचा लोट थेट एसटीच्या खिडकीत. बाकीच्या बाया नाकाला पदर लावतात, मी काच सरकवते. शेजारी बसलेली म्हणाली, "अवो, बंद करा की, डोकं उठून राहिलं वासानं." मी म्हटलं, करते. केली नाही. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. बोटं, नखं, तळवे, सगळं पिवळंधमक.

"हळदीला गेल्त्या का?"

"हो."

"लग्नाच्या का शेतातल्या?"

 "दोन्ही म्हणा," असं काहीतरी मी पुटपुटले आणि बाहेर बघायला लागले. बाई बिचारी माझ्याकडं बघतच राहिली.

हा वास आला की मला जागेवर बसवत नाही. गॅस बंद केला का, शिलाईच्या मशीनवर कपडा झाकला का, असलं काहीबाही आठवत राहतं. खरं आठवायचं असतं ते वेगळंच. गेल्या साली याच दिवसांत माझी आई पायाला प्लास्टर घालून माझ्या हिंगोलीच्या घरात बसून होती, बाहेर जिल्हाभर हळद शिजत होती, आणि मी आईला सिनेमे दाखवत होते.

सिनेमे कसले, तर माफ करण्याचे. तुम्हीही बघितले असतील. एक तापट म्हातारा असतो, नाहीतर घर सोडून गेलेला पोरगा, नाहीतर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी. मधे पुष्कळ काही होतं. शेवटी कोणीतरी कोणाच्या तरी दारात उभं राहतं, बासरी लागते, डोळे भरतात, आणि झालं, माफ. माझी लेक सई असले सिनेमे शोधून शोधून टीव्हीवर लावते. "मम्मी, हा बघ, लई हार्ट टचिंग आहे." कॉलेजातली पोर, तिला जग असंच असावंसं वाटतं. वाटू दे.

मला मात्र ते शेवट बघवत नाहीत. दार दिसलं, बासरी लागली, की मी उठते. "दूध बघून येते."

"मम्मी, दूध फ्रिजमध्ये आहे."

"असू दे."

आणि मी खरोखर जाते. फ्रिजचं दार उघडून गार हवेत उभी राहते. आतल्या खोलीतून रडण्याचा आवाज येतो, मग गाणं लागतं, मग मी परत येते. "झालं का माफ?" "झालं." "बरं झालं." सई माझ्या नकला करून मैत्रिणींना हसवते. कर म्हणावं नकला. एवढ्या झटकन कोणी कोणाला माफ करतं, हे बघताना अंगात कसंतरी होतं मला. खोटं वाटतं म्हणून नव्हे. खरं असलं तर आमच्याच घरात का होत नाही, असं वाटतं म्हणून.

आमच्याकडं 'मला माफ कर' असं कोणी म्हणतच नाही हो. माफी हा शब्द आमच्या गावात मी दोनच ठिकाणी ऐकला, कर्जमाफी आणि फीमाफी, आणि दोन्हीला अर्ज लागतो. माणसामाणसांत फार तर 'जाऊ दे' म्हणतात. नाहीतर 'चहा ठेव' म्हणतात. तेवढंही म्हणायची कोणाची तयारी नसली की मग अबोला. आमच्या घरात तो आई आणि सुमनमावशी यांच्यात होता.

या दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. दोन बहिणी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. आई थोरली, मावशी धाकटी. मावशी आईला अक्का म्हणते, आई तिला सुमे म्हणते. म्हणायची. लहानपणी मला दोघींचे हात वेगळे ओळखू यायचे नाहीत. हळदीच्या दिवसांत दोघींच्या चारही तळव्यांना एकच रंग असायचा आणि आम्हा पोरांच्या गालावर कोणाचीही चापट बसली तरी डाग तोच. पुढं घरं वेगळी झाली, मधे एक बोळ आला, पण चुलीवरचं कालवण बोळातून इकडून तिकडं जातच होतं. अबोला आला तो रेखाच्या लग्नात. रेखा ही मावशीची लेक.

आता ते सांगायचं तर आधी आमच्या गावचं बोलणं सांगावं लागेल. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालचं. पाणी आहे म्हणून हळद आहे, आणि हळद आहे म्हणून 'हळदीला ये' या दोन शब्दांचे आमच्याकडं दोन अर्थ होतात. एक लग्नाची हळद. नवरीला पाटावर बसवायचं, सवाशिणींनी लावायची ती. दुसरी शेतातली. वाकून गड्डे गोळा करायचे, मोडून हळकुंडं वेगळी करायची, संध्याकाळी मजुरी घेऊन घरी जायचं. लग्नसराई आणि काढणी एकाच वेळेला येते. तरी गोंधळ होत नाही, कारण बोलावण्याची रीत वेगळी. लग्नाच्या हळदीला बोलवायचं तर बाईनं स्वतः दारात जायचं, कुंकू लावायचं, आवतन द्यायचं. शेतातल्या हळदीला वाटेनं जाणाऱ्या कोणाच्याही तोंडी निरोप दिला तरी भागतं.

रेखाच्या लग्नाला मावशी कुंकवाचा करंडा घेऊन गावभर फिरली. अक्काच्या दारात तेवढी गेली नाही. का, तर अक्का घरची. घरच्या माणसाला काय आवतन द्यायचं? शिवाय मंडपवाला आलेला, आचारी बोंबलतोय, पाहुण्यांची सोय नाही. तेवढ्यात बोळातून गंगाबाई चालली होती. ही गंगाबाई बायांची टोळी घेऊन शेतोशेत कामाला जाते. मावशी तिला ओरडून म्हणाली, "गंगाबाई, जाता जाता अक्काला म्हण, उद्या हळदीला ये."

आणि गंगाबाईनं, जी रोज सकाळी दारोदार हेच शब्द ओरडत फिरते, तिनं आईच्या दारात जाऊन रोजच्याच सुरात सांगितलं, "बाई, सुमनबाईनं हळदीला बलिवलं उद्या."

आई गेली नाही. मंडपात पाट मांडून, रेखाला बसवून, वाजंत्री थांबवून सगळे तिच्या थोरल्या मावशीची, म्हणजे आईची, वाट बघत राहिले. पहिली हळद तिनं लावायची असं रेखानं लहानपणापासून ठरवलेलं होतं. शेवटी मावशीच्या एका चुलत सासूनं लावली. मी तेव्हा गावात नव्हते, सईची परीक्षा होती, लग्नाच्या दिवशी सकाळी पोचले. आई अक्षता टाकायला आली होती, अगदी मागं, खांबाला टेकून, जुनंच लुगडं नेसून. ह्या लग्नासाठी म्हणून मोरपंखी रंगाचं जरीचं लुगडं घेतलेलं. त्याला फॉल मी लावलेला, ब्लाउज मी शिवलेलं. मी विचारलं, "नवं कुठंय?" आई म्हणाली, "टोचतंय ते." मी आपली मनाशी, काठ उलटा बसला की काय.

नंतर पिठाच्या गिरणीवर, देवळात, ज्वारी काढताना, आईनं ते सगळ्यांना सांगितलं. "मह्या बहिणीनं मला हळदीला बलिवलं. मजुरीनं! थोरल्या जावंला! गंगाबाईच्या हाती निरोप धाडून!" लोक हसले, काही हळहळले. आणि गावाला ते बोलणं असं आवडलं की पुढं कितीतरी वर्षं कोणी कोणाला कशालाही बोलावलं, अगदी चहाला, तरी एखादा टवाळ विचारायचा, "सुमनबाईवानी न्हाई ना बलवून राहिला?" मावशीच्या तोंडावर हसायचे लोक. बहिणीला मजुरीला बोलावणारी, असं तिचं नाव पडलं. मावशीनं कधी उलट उत्तर दिलं नाही. तिनं बोळाच्या बाजूचं दार लावून घेतलं, बस.

गंमत म्हणजे आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आणि काका, हे दोघे भाऊ, रोज पारावर एकाच डबीतली तंबाखू मळत होते. त्यांचं काही बिनसलं नव्हतं. घरी येताना तेवढे मागंपुढं यायचे.

वर्षं गेली. आम्हा सगळ्यांना वाटायचं, चूक मावशीचीच, पण किती दिवस? आईनं मन मोठं करावं. मीही हेच धरून बसले होते, आणि म्हणूनच गेल्या साली आई पाल्याच्या ओल्या ढिगावरून घसरून पाय मोडून घेऊन माझ्याकडं आली, तेव्हा मला ती संधी वाटली. वाईट बोलते आहे, पण वाटली.

आईला हळदीच्या हंगामात घरात बसलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. पाय उशीवर, समोर टीव्ही, शेजारी माझी मशीन. लग्नाची ब्लाउजं शिवून शिवून माझी कंबर मोडायची, आणि आईची तक्रार वेगळीच. ती आपले तळवे डोळ्यांसमोर धरून बघत बसायची. "पांढरे पडून राहिले गं हात. मेलेल्या माणसावानी." दर थोड्या वेळानं दादांना फोन. कुकर कोणाचा आणला? पाला उचलला का? ताडपत्री मागच्या साली फाटली होती, ती सांधली का? दादा हो-हो म्हणायचे. असंच एकदा फोनवर ते बोलून गेले की हळद विकली की सुमन आणि धाकटा पुण्याला चाललेत, पोराकडं. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं, लावणार. आता तिकडंच राहायचं म्हणतात.

"जाऊ दे," आई म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. मी दोनदा गरम केला, दोनदा साय धरली.

मी घाबरले. खरंच घाबरले. पुणे काही परदेश नाही, पण या वयाच्या दोन बायका एकदा अशा न बोलता लांब झाल्या की मग कोण कुठं भेटतं? एखाद्या कार्यात मागं खांबाला टेकून, तेवढंच. मी सईला म्हटलं, "तुझे ते सिनेमे लाव गं. सगळे लाव." सई म्हणाली, "तू तर दूध बघायला जातेस." म्हटलं, "माझ्यासाठी नाही, आजीसाठी." आईला कुठंतरी पाझर फुटेल, ती मावशीला माफ करेल, प्लास्टर निघायच्या आत हे झालं पाहिजे, असा माझा हिशेब.

आणि आई बघायला लागली. दुपारी जेवण झालं की रोज. पण तिचं बघणं म्हणजे! एकात दोन भावांच्या घरांमधली भिंत शेवटी दोघं मिळून पाडतात. सई हुंदके देते आहे आणि आई विचारते, "विटा कोणी उचलल्या?" एकात खाष्ट सासू सुनेच्या पाया पडते, सून तिला उठवून छातीशी धरते. आई म्हणाली, "इतक्यात? अन् सैपाक कोणी केला मंग त्या दिशी?" एकात अपघातात पोरगा गेलेला बाप त्या ड्रायव्हरला घरी जेवायला बोलावतो. तो संपल्यावर आई म्हणाली, "ह्ये लोक सारखं माफ करणाऱ्याचंच तोंड दाखवून राहिले. ज्यानं केलं, त्याचं दाखवा की. त्यानं त्या घरी घास कसा गिळला?"

मला राग यायचा. मी मशीन जोरात चालवायची. एवढं दाखवतोय आणि ही बाई विटा मोजतेय! दिवस तर सरत होते. दादांच्या फोनमधून कळत होतं, मावशीची हळद निघाली, शिजायची आहे, नातवाच्या शाळेसाठी लौकर जायचं म्हणतात. मी सुई तोडली, एका नवरीचं ब्लाउज उलटं शिवलं, उसवलं. खिडकी उघडली की वास यायचा आणि मी पुन्हा लावून घ्यायची.

मग ती दुपार आली. सई कॉलेजला गेलेली. सिनेमा होता दोन मित्रांचा. एकानं तरुणपणी दुसऱ्यावर शाळेत खोटा आळ घेतलेला असतो, दुसऱ्याचं सगळं आयुष्य त्यात वाया जातं. आता पहिला म्हातारा झालाय आणि काठी टेकत त्याच्या गावी निघालाय. मी हा लावला तो त्या दुसऱ्याकडं बघून. एवढं सोसलेला माणूस माफ करतो, तर आईला काय झालं? म्हातारा दारात पोचला. बासरी लागली. मी सवयीनं उठले. आणि लाईट गेली.

टीव्ही काळा झाला. पंखा थांबला. मशीनही गप. मी अर्धवट उभी. आई काळ्या टीव्हीकडंच बघत होती.

"येईल आत्ता लाईट," मी म्हटलं. "पुढं काय, माफ करतो तो."

"त्ये करीलच," आई म्हणाली. "पर ह्यानं इतके दिवस सांगितलं काहून न्हाई?"

"लाज वाटली असेल."

"व्हय. लाज वाटती." मग तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "मंगे, मला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"रेखाच्या हळदीला बलिवलंय म्हून. घरात मांडव पडलेला, सुमी कशाला मजुरीला बलवील त्या दिशी? येडी हाय का मी? गंगाबाई बोलली तवाच कळलं मला."

मी खाली बसले. "मग?"

"मंग काय. वाटलं, साऱ्या गावाला कुंकू लावत फिरली, मह्याच दारात पाय दुखतेत का तिचे? म्हणलं येईल. सकाळी येईल. त्ये मोरपंखी लुगडं नेसले, डोक्याला तेल घातलं, दार उघडं ठेवून बसले. वाजंत्री लागली. म्हणलं आता येईल. आता कोणाला तरी धाडील, 'अक्का, चल' म्हणील. मंग वाजंत्री थांबली. आता मला कळून राहिलं, माझ्यासाठीच थांबलीवती. तवा वाटलं, झालं, मह्याबगर लागली हळद." ती थांबली. "उठून जायला काय झालं व्हतं गं? बोळ तर हाय मधी. निस्ता बोळ."

"आणि ते मजुरीचं?"

"त्ये मी मागून केलं. लोक इचारायला लागले, काहून आल्या न्हाईत. काय सांगू? लुगडं नेसून वाट बघत बसले व्हते म्हणू?"

मला आईचा इतका राग आला, इतका, की मी उठून खरोखर स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडला, तोही बंद, आत अंधार. मावशीचं लावलेलं दार मला दिसत होतं. तिच्या तोंडावर हसणारी माणसं दिसत होती, त्यांत मीसुद्धा हसले असेन. आणि मग, मला आवरता आलं नाही, आई दिसली. तेल घातलेलं डोकं, जरीचे काठ नीट करून उंबऱ्याजवळ बसलेली थोरली बाई, आणि बोळातून येणारा वाजंत्रीचा आवाज. टोचतंय ते, असं म्हणाली होती. मी तिथंच ओट्याला धरून रडले. बाहेर आले तेव्हा लाईट आली होती आणि सिनेमा संपला होता. शेवट आम्ही दोघींनी बघितला नाही.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात आईला गावी सोडायला गेले.  घरी पोचल्यावर पाणीही न पिता काठी घेतली आणि बोळ ओलांडून गेली. मी मागं. मावशीच्या खळ्यात शिजलेली हळद पसरायचं काम चाललेलं, दहा-पंधरा बाया, त्यांत गंगाबाईही. आई खळ्याच्या कडेला उभी राहिली. सगळ्यांचे हात थांबले.  मनात नको ते सिनेमे. आता मिठी मारतील, आता बासरी लागेल.

आई मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, ऐका. सुमीनं मला रेखाच्याच हळदीला बलिवलं व्हतं. मजुरीला न्हाई. मला ठावं होतं. मी गावाला खोटं सांगितलं."

 गंगाबाईनं तोंडावर हात ठेवला. मावशीनं आईकडं बघितलंसुद्धा नाही. ती पाटी उचलून दुसऱ्या टोकाला गेली, ओतली, परत आली. मग म्हणाली, "पाय लांब करून बस तिकडं सावलीत. बसलेलं हाड हाय, परत मोडशील."

एवढंच. आई सावलीत बसली. दुपारभर बसली. मावशी काम करत राहिली. चहा आला तेव्हा कोणीतरी आईलाही दिला, मावशीनं नव्हे. आणि हळद वाळून विकली गेली तशी मावशी-काका पुण्याला गेले. निघताना मावशी जीपमध्ये पुढं बसली होती, आई दारात उभी होती. मावशीनं मान हलवली की जीप हलली म्हणून हलली, त्यावर आमच्या दादांचा आणि माझा आजही वाद आहे.

हे वर्षभर मला छळत राहिलं. हे काय झालं? माफ झालं की नाही? सिनेमात असतं तर कळलं असतं, गाणं लागलं असतं. मी मावशीला फोन करायची आणि इकडचं तिकडचं बोलायची. ती लिफ्टचं सांगायची, नातवाचं सांगायची. म्हणायची, "समदं हाय गं इथं. पर हाताला काय लागतच न्हाई. धुवायचे काय, अन् पुसायचे काय." आईचं नाव मी घेतलं की म्हणायची, "पाय कसा हाय तिचा?" तेवढंच. दरवेळी तेवढंच. मी आईला सांगितलं की आई विचारायची, "पायाचंच इचारलं? दुसरं न्हाई?" म्हणजे तिलाही चैन नव्हतं. तिनं सगळ्या गावासमोर सांगून टाकलं होतं, गावातली टवाळी थांबली होती, तरी तिला चैन नव्हतं. खरं सांगितलं की मोकळं होतं माणूस, असं सिनेमेवाले म्हणतात. कोण मोकळं होतं? उलट आता तिच्या हातात काही उरलंच नाही, जे काय करायचं ते मावशीनं.

यंदा हळद काढणीला आली तशी मावशी गावी आली. बटईवाल्यावर भरवसा नाही म्हणाली, हळद निघेपर्यंत राहते म्हणाली. परवा मी गावी गेले होते, आई दारात ज्वारी निवडत बसलेली, मी तिच्या बाजूला. बोळातलं ते दार उघडलं. कडीचा आवाज मी ओळखलाच नाही, इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मावशी बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात कुंकवाचा करंडा. सरळ आमच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

आई उठायला गेली, मांडीवरची ज्वारी सगळी सांडली.

मावशीनं वाकून आईला कुंकू लावलं. बोट जरा जास्तच दाबलं असावं, आईचं डोकं मागं गेलं. मग मावशी अगदी रीतीनं, पाहुण्याला म्हणावं तशी म्हणाली, "अक्का, उद्या हळदीला ये." आणि थोडं थांबून, "सोता आले बरं का बलवायला. बराबर झालं ना आता?"

"कोणत्या हळदीला गं?" मी न राहवून विचारलं. घरात तर कोणाचं लग्न नव्हतं.

"इचार तुह्या आईला," मावशी म्हणाली आणि गेली.

आई ज्वारी गोळा करत बसली, खड्यांसकट.

काल सकाळी मी उठले तर ती पेटीपाशी बसलेली. मोरपंखी लुगडं. घड्यांवर विरळ झालेलं, पण फॉल मी लावला तसाच. मी म्हटलं, "आई, शेतातल्या हळदीला कोणी असलं नेसतं का?" ती म्हणाली, "काठ नीट कर मागून." मी केला. डोक्याला तेल घातलं तिनं. काठी घेतली. मी तिच्या मागून गेले.

खळ्यात बाया हळद मोडत बसल्या होत्या. जरीचं लुगडं नेसून काठी टेकत आलेली आई बघून गंगाबाई खुदकन हसली आणि मग खाली बघून हळद मोडायला लागली. आई थेट मावशीच्या समोर जाऊन मातीतच बसली, एक गड्डा उचलला आणि मोडायला लागली. बोटं, मनगट, पदर, मांडीवरची जर, बघता बघता सगळं पिवळं होत गेलं. मीही शेजारी बसले. उठावंसं वाटलं नाही.

मावशी खेकसली, "येडी का काय तू? चांगलं लुगडं नासवून राहिली! निघत न्हाईत गं हे डाग!"

आई मान वर न करता म्हणाली, "पडायचेच राह्यले व्हते त्ये, सुमे."

मावशीचे हात थांबले. तिनं एकदा लुगड्याकडं बघितलं, मग आईकडं. ते लुगडं कोणत्या हळदीसाठी घेतलेलं, हे तिला तेव्हा कळलं असावं. ती जागची सरकली, आपल्या बुडाखालचं पोतं अर्धं ओढून काढलं आणि आईच्या बाजूला टाकलं.

"माती लागती, पोत्यावर बस," ती म्हणाली.